भिंतीकडे तोंड

एल्याशीबचे हात कधी स्वच्छ नसायचे आणि तरी ते सदा पांढरे असायचे. नखांत चुना, कोपरांत चुना, दाढीत चुना. याजक म्हटला की यरुशलेमातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे तागाच्या झग्यातला, सावकाश चालणारा, धुपाच्या वासाचा माणूस यायचा. हा गडी मात्र ओल्या भिंतीच्या वासाचा. त्याची बायको मिल्का म्हणायची, "अहो, तुम्ही घरात शिरलात की मला वाटतं, कुणी नवी भिंतच आणून उभी केली."

त्याच्या आज्याच्या काळात राजानं मंदिर नव्यानं बांधायला काढलं, तेव्हा मोठी पंचाईत झाली होती. आतल्या बाजूला याजकाशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि याजकांना तर छिन्नी कुठल्या टोकानं धरतात तेही ठाऊक नाही. मग हजारभर याजकांना धरून दगडकाम शिकवलं. कुणी बोटं चेचून घेतली, कुणी पळून गेले, एल्याशीबचा आजा टिकला. तेव्हापासून घराण्यात तेच काम. देवाची सेवा म्हणजे चुना मळणं, भेग बुजवणं, ओल शोधणं. लोक नव्या दगडाचं कौतुक करायचे. ओल मुरली की ती कुणी शोधून काढली, हे कोण विचारतो?

वर्षातून दोनदा, मोठ्या सणांच्या आधी, वेदीला चुना द्यायचा. त्याला थापी चालत नसे. लोखंड म्हणजे तलवारीचं भावंड, त्याचा ओरखडाही वेदीच्या दगडाला लागला तर दगड बाद. म्हणून सगळं काम कापडानं. ओलं कापड मुठीत धरायचं आणि खांद्यापासून हात फिरवायचा, मधे उचलायचा नाही. हे कापड फिरवणं एल्याशीबनं आपल्या मुलीला, अबीतालला, घरच्या भिंतीवर शिकवलं. तीन मुलं गेल्यावर वाचलेली ती एकटी पोर. शिकवायची गरज नव्हती, मुलीला काही मंदिरात काम मिळणार नव्हतं. पण तिला हवं होतं आणि त्याला नाही म्हणवत नव्हतं.

पोरगी डावरी होती. भिंत सुकली की तिच्या कापडाच्या रेघा उलट्या बाजूला झुकलेल्या दिसायच्या.

"बरं झालं, मुलगी झालीस," एल्याशीब चिडवायचा. "डावरा मुलगा झाला असतास तर वेदीच्या जवळपाससुद्धा कुणी फिरकू दिलं नसतं."

"का? देवाला डावा हात नाही?"

"असेल. पण त्याचा तो बघून घेईल. तू हात मधे उचलू नकोस."

अबीताल नऊ वर्षांची होती त्या साली परमपवित्रस्थानाच्या, म्हणजे मंदिरातल्या सगळ्यात आतल्या खोलीच्या, पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. आतला सोन्याचा पत्रा एका जागी फुगला. त्या खोलीत वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा महायाजक जायचा, तोही अनवाणी, अंधारात. बाकी कुणी नाही. मग भिंत कोण दुरुस्त करणार? त्याची सोय बांधणाऱ्यांनीच करून ठेवली होती. वरच्या मजल्याच्या जमिनीत भोकं होती. त्यांतून माणसाला लाकडी पेटीत बसवून दोरानं खाली सोडायचं. पेटी तीन बाजूंनी बंद, फक्त भिंतीकडची बाजू उघडी. माणसाला आपलं काम दिसावं आणि दुसरं काहीही दिसू नये, म्हणून.

त्या वर्षी पेटीत बसायचा मान एल्याशीबला मिळाला. मुकादम मत्तन्यानं बजावलं, "हे बघ, काम आहे तेवढं बघायचं. डोळ्यांना जेवायला बोलावलेलं नाही." वर दोर धरायला तिघे होते. त्यांत त्याचा जुना जोडीदार इद्दो होता, सडपातळ, कान टवकारून असणारा.

पेटी खाली गेली. एल्याशीबच्या नाकासमोर भिंत आली. त्यानं फुगलेला पत्रा लाकडी हातोडीनं हळूच सोडवला, मागचा भुसभुशीत गिलावा खरवडला, नवा भरला. मागे काय आहे हा विचार त्याच्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याची पाठ जळत होती. पण मान वळवली नाही. वळवली असती तरी फळीच दिसली असती, हे खरं, पण त्याला त्या न वळवण्याचा पुढे जन्मभर अभिमान वाटला.

शेवटचा पत्रा बसवताना काशाचा एक खिळा त्याच्या ओठांतून सुटला. पेटी आणि भिंत यांच्या फटीतून खाली पडला. टण् असा आवाज झाला. मग तो खिळा घरंगळायला लागला. पेटीच्या खालून गेला, मागे गेला, आणि जातच राहिला. एल्याशीब श्वास रोखून ऐकत होता. खिळा कुठंतरी अडेल, कशावर तरी आपटेल. तो कशालाही अडला नाही. दूर पलीकडच्या कोपऱ्यात कुठंतरी आपोआप थांबला.

पेटी वर आली. इद्दोनं दोर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काही पडलं का रे?"

"नाही," एल्याशीब म्हणाला.

आता हे का केलं त्यानं? सांगायला हवं होतं. महायाजक अनवाणी जातो तिथं खिळा पडलाय, ही काय लपवायची गोष्ट? पण सांगितलं असतं तर पेटी पुन्हा खाली गेली असती, तीत दुसरा बसला असता, आणि एल्याशीब म्हणजे ज्याच्या हातून देवाच्या खोलीत खिळा पडला तो, अशी त्याची ओळख मरेपर्यंत राहिली असती. तो भित्रा नव्हता. पण आपल्या कामाचा गर्व असलेला माणूस भित्र्याहून वाईट वागतो कधीकधी.

संध्याकाळी अबीताल त्याच्या मांडीला टेकून बसली. "आबा, आत काय होतं?"

"भिंत."

"आणि मागे?"

मिल्का चुलीशी आहे हे त्यानं बघून घेतलं. मग त्या एवढ्याशा पोरीला त्यानं जगात कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. खिळा पडला, घरंगळत गेला.

"कशाला अडला?"

"कशालाच नाही."

"मग आत काहीच नाही?"

"कुणाला सांगशील तर माझी मान जाईल, अबी. आईलासुद्धा नाही."

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि त्याचं बोट आपल्या डाव्या मुठीत धरून ठेवलं.

त्यानंतर दर प्रायश्चित्ताच्या दिवशी एल्याशीब महायाजकाच्या पायांकडे बघत उभा राहायचा. महायाजक सुखरूप बाहेर आला की सगळं शहर आनंद करायचं. हा घरी येऊन भिंतीला टेकून रडायचा. मिल्काला वाटायचं, काय हो माझा नवरा भक्त!

अबीताल सोळाची झाली आणि तिचं लग्न तोबीयाशी झालं. तोबीया दगडाचे पेले कातायचा. याजकाच्या घराण्यातला नव्हता, पण शांत होता, हात चांगला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी एल्याशीबनं याजकाच्या वाट्याच्या धान्याची भाकरी तिच्यापुढे ठेवली. याजकाच्या मुलीनं बाहेर लग्न केलं की ती भाकरी तिला बंद, असा याजकांचा नियम.

"घे. ही शेवटची. उद्यापासून तू परकी."

"भाकरी बंद होईल आबा, बाप तर नाही ना बंद होणार?"

"नियमात तसं कुठं लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि चुन्याकडे बघायला गेला.

नियमात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. अशी मुलगी विधवा झाली आणि पदरी मूल नसलं, तर तिनं बापाच्या घरी परत यावं आणि लहानपणीसारखी बापाची भाकरी खावी. पण ते लग्नाच्या दिवशी कोण आठवतो?

तोबीयाची आई त्या नासरेथकर गुरूला मानणाऱ्यांतली होती, ज्याला रोम्यांनी वधस्तंभावर मारला आणि जो पुन्हा उठला असं ते लोक सांगत. अबीतालही त्यांत गेली. ही माणसं मंदिराच्या पूर्वेकडच्या ओसरीत, शलमोनाच्या म्हणतात त्या खांबांखाली, जमायची. याजकांतलेही काहीजण तिकडे गेले होते. इद्दोसुद्धा गेला. एल्याशीबला सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. त्या ओसरीत कोण बसत नव्हतं?

"आबा, ते म्हणतात, तो मेला तेव्हा त्या आतल्या खोलीपुढचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. आता कुणीही आत जाऊ शकतं."

"पडदा मी बघितलाय. चार बोटं जाड आहे. फाटला असता तर शिवायला मलाच बोलावलं असतं."

"पडदा तुम्ही शिवता होय? तुम्ही चुनेवाले!" ती हसली. "आणि म्हणतात, देव हातांनी बांधलेल्या घरात मावत नाही. माणसं हेच दगड. जिवंत दगड."

"दगड एकदा बसवला की बोलत नाही, अबी. तुझे लोक तर दिवसभर बोलतात."

असं चालायचं. चिडवाचिडवी, पण जेवण एकाच चुलीवरचं. मिल्का मसूर शिजवायची, अबीताल अंजीर आणायची. पण अबीतालला मूल होत नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

एका वल्हांडण सणाच्या गर्दीत त्या ओसरीत कुणीतरी उभं राहून बोललं. नाव कुणी सांगितलं नाही. गर्दीत नाव कोण विचारतो? बोलला तो असं, "या घराच्या पोटात काही नाही. याजकांना ठाऊक आहे. आत खिळा पडला तर घरंगळत कोपऱ्यात जातो, त्याला अडवायला काही नाही."

दुपारपर्यंत ते वाक्य मत्तन्याच्या कानावर गेलं. मत्तन्या आता काठीवर आला होता, पण डोकं शाबूत होतं. त्यानं एल्याशीबला बोलावलं.

"ओल काढलीस त्या साली. आत खिळा पडला होता?"

एल्याशीबनं खाली बघितलं. "हो."

"पंधरा वर्षं, एल्याशीब. पंधरा वर्षं महायाजक त्या अंधारात अनवाणी गेला." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "तू मान वळवली नाहीस याचं मी सगळ्यांना कौतुक सांगायचो."

त्याच्या हातातलं कापड काढून घेतलं. आतलं काम कायमचं बंद. मंदिराचं बांधकाम त्याच सुमाराला पुरं होऊन हजारो गवंडी रिकामे बसले होते, त्यांना शहरातल्या रस्त्यांवर फरशा बसवायचं काम मिळालं होतं. त्या रांगेत एल्याशीबही जाऊन बसला. वेदीला कापड फिरवणारा याजक आता गाढवांच्या पायांखालचे दगड बसवू लागला. येणारेजाणारे ओळखायचे आणि न ओळखल्यासारखं करायचे.

खिळ्याची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो, दुसरी अबीताल. हिशेब इतका सरळ होता की त्यानं तो दुसऱ्यांदा केलाच नाही. स्वतःच्या पापाची लाज त्याला सोसवत नव्हती. मुलीवरचा राग सोसायला सोपा होता. तो तिच्याकडे गेला नाही. ती आली तर मागच्या दारानं निघून जायचा.

त्याच हिवाळ्यात तोबीया वारला. दगडाची धूळ छातीत बसली होती. शोकाचे दिवस संपल्यावर एका दुपारी अबीताल बापाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात एक गाठोडं आणि तोबीयानं कातलेला एक पेला. मूल नव्हतं. नियमानं हे तिचंच घर होतं, भाकरी तिचीच होती.

एल्याशीब उंबऱ्यावर उभा राहिला. बाजूला झाला नाही.

"खिळ्याचं कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, आबा."

"नवऱ्याला?"

"नाही."

"त्या तुझ्या जिवंत दगडांना?"

"आबा, मी तुमचं बोट धरून नाही म्हटलं होतं."

"मग ते काय वाऱ्यानं ऐकलं?" त्याचा आवाज गल्लीत गेला. शेजारणी दारात आल्या. "हे बघ, मी तुला हाकलत नाही. एवढंच म्हण, आबा, मी सांगितलं, चुकले. म्हण आणि आत ये. भाकरी वाढलेली आहे."

आतून मिल्का ओरडली, "म्हणून टाक ग बाई! जीभ झिजते का?"

अबीताल रडत नव्हती. तिनं गाठोडं खाली ठेवलं. "न केलेलं कबूल करून मी तुमची भाकरी कशी गिळू, आबा? ती घशातच अडेल."

"मग नको गिळू."

त्यानं दार लावलं. स्वतःच्या हातानं, उजव्या हातानं, अडसर घातला. बाहेर गाठोडं उचलल्याचा आवाज आला. मग पावलं गेली. मिल्कानं त्या दिवशी त्याला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही, आणि पुढे बोलू लागली तरी "अहो" म्हणणं तिनं सोडून दिलं.

पुढच्या वर्षांत शहरात रोम्यांविरुद्ध तलवारी निघाल्या. अबीतालचे लोक यार्देन नदीपलीकडे पेल्ला नावाच्या ग्रीक गावात निघून गेले. ती त्यांच्याबरोबर गेली. जाताना आईला विहिरीवर भेटून गेली, एवढंच मिल्कानं सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, आणि यानं विचारलं नाही.

मग रोम्यांनी वेढा घातला. त्या दिवसांचं काय सांगायचं? लोकांनी चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले. मिल्का आधीच काडी होती. शेवटी शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची, जिथं अबीतालच्या लहानपणच्या उलट्या रेघा अजून दिसत होत्या. एके सकाळी ती म्हणाली, "तिनं सांगितलं असेल, नसेल. तुम्ही माफ करून टाका."

"करीन."

"जाऊन करा. इथं बसून नव्हे." आणि कितीतरी वर्षांनी म्हणाली, "अहो, ऐकताय ना?" दुपारी ती गेली.

मंदिर जळालं तेव्हा एल्याशीब वरच्या गल्लीतल्या एका गच्चीवर होता. सगळे छाती पिटत होते, केस उपटत होते. आतल्या घराचं छत कोसळल्याचा आवाज आला आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, आता तो खिळा वितळला. सुटलो. मग आपण काय विचार केला हे त्याला कळलं, आणि तो गच्चीवरच आडवा पडून ओरडू लागला. आज्यानं उचललेले दगड, बापानं बसवलेले, त्यानं चुना दिलेले. सगळं गेलं होतं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. याहून नीच माणूस या शहरात कुणी नसेल, असं त्याला वाटलं.

रोम्यांनी धडधाकट माणसं साखळीला लावून नेली. हा म्हातारा, हाडांचा सापळा, त्याला कोण विकत घेणार? एका शिपायानं त्याला ढकलून रस्त्याच्या कडेला सोडलं. तो रस्ता त्यानंच बसवलेला होता.

कसाबसा हिवाळा काढून तो पेल्लाला निघाला. यरीहोपर्यंत उतार, मग नदीच्या कडेनं वर. पायांत चिंध्या. पण मन हलकं होतं. का, तर तो माफ करायला निघाला होता. माफी मागायला निघालेला माणूस चाचरत चालतो, माफ करायला निघालेल्याची छाती पुढे असते. वाटेत तो बोलणं घोळवत होता. "अबी, झालं गेलं. लहान होतीस. आता माझ्याकडे घर नाही, भाकरी नाही, पण बाप आहे." हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं होतं.

पेल्लात विचारत विचारत तो शोशन्ना नावाच्या म्हातारीच्या घरी पोचला. तिच्याच घरी त्या लोकांची सभा भरायची. शोशन्ना अंगणात जात्याशी बसली होती. त्याच्याकडे, त्याच्या हातांकडे बघून ती उठली.

"तुम्ही अबीतालचे आबा."

"कशावरून?"

"नखांवरून. चुना गेला नाही अजून." तिनं हातावरचं पीठ झटकलं. "फार उशीर केलात हो. गेल्या पावसात तापानं गेली."

एल्याशीब मटकन खाली बसला. घोळवलेलं बोलणं तोंडात तसंच राहिलं. त्याला पाणी दिलं ते तोबीयानं कातलेल्या पेल्यातून. तो पेला त्यानं कितीतरी वेळ सोडला नाही.

मग शोशन्नानं त्याला घराच्या मागच्या बाजूला नेलं. "तिनं बांधलेलं बघा. आमच्यात वाद होता. काही म्हणत, सभेच्या घरात एक आतली खोली हवी, जुन्या घरासारखी. काही म्हणत, पडदा फाटला, आता कशाला खोली? अबीताल म्हणाली, खोली करू, पण दाराला पडदा नको, फळी नको. लांबी, रुंदी, उंची सारखी, माझ्या आबांनी सांगितलेल्या मापाची, फक्त लहान. आणि आत काही ठेवायचं नाही. दिव्यासाठी खिळासुद्धा ठोकू दिला नाही बाईनं."

खोलीला खरंच दार नव्हतं. नुसतं उघडं तोंड. आत चार पांढऱ्या भिंती. गावातली कोळीण, एक ग्रीक गुलाम बाई, कुणीही यावं आणि बसावं. एल्याशीब आत गेला. पश्चिमेच्या भिंतीवर कापडाच्या रेघा होत्या, खांद्यापासून एका ओढीत काढलेल्या, मधे हात न उचललेला. सगळ्या उलट्या बाजूला झुकलेल्या.

त्यानं त्यांवर हात ठेवला.

"ती इथंच बसायची," शोशन्ना म्हणाली, "भिंतीकडे तोंड करून. आम्ही हसायचो, अग, आमच्याकडे पाठ काय करतेस? म्हणायची, माझे आबा आत गेले होते ते असेच गेले होते."

एव्हाना दोनचार शेजारी खोलीच्या तोंडाशी जमले होते. त्यांतल्या एकानं दबकत विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच आत होतात? काय होतं हो आत? आता ते घरच राहिलं नाही. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"अबीतालनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"फार विचारलं. म्हणायची, भिंत होती. पुढचं माझ्या आबांना विचारा, ते माझं नाही."

"आणि खिळ्याचं?"

ते एकमेकांकडे बघू लागले. "कसला खिळा?"

 भिंतीला टेकून त्यानं सांगितलं, सगळं, पेटी, फट, ओठांतून सुटलेला खिळा, त्याचं घरंगळत जाणं. "दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि तिला. मग ती ओसरीत बोलली नाही तर कोण बोललं?"

शोशन्ना साधी, जात्यावर बसणारी बाई. तिनं डोक्यावरचं कापड सारखं करत विचारलं, "आणि वर दोर धरून उभे होते ते? वर तर भोकच होतं. ते काय बहिरे होते?"

 एल्याशीबला एकदम इद्दो दिसला, दोर गुंडाळणारा, कान टवकारलेला. काही पडलं का रे? आणि आपलाच आवाज ऐकू आला. नाही.

इतकी वर्षं. तो प्रश्न इतकी वर्षं त्याच्या डोक्यात होता आणि त्यानं एकदाही उचलून पाहिला नव्हता. इद्दो ओसरीत जाऊन बसतो हे सगळ्या शहराला माहीत होतं. यालाही माहीत होतं.

"मी तिला दारातून परत पाठवलं," तो म्हणाला. "तिचीच भाकरी होती. नियमानं तिची होती. ती खरं बोलत होती आणि मी अडसर घातला." तो मोठमोठ्यानं रडू लागला, लहान पोरासारखा, नाक पुसायचंही भान न ठेवता. "अबी, माझ्या सोन्या, मी तुला माफ करायला आलो होतो ग! मी!"

त्याला कुणी उगी केलं नाही. करण्यासारखं नव्हतंच ते. शोशन्ना बाहेर गेली आणि थोड्या वेळानं फडक्यात गुंडाळलेली जवाची भाकरी घेऊन आली.

"शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी ती एक भाकरी जास्त करायची," ती म्हणाली. "बाजूला ठेवायची. विचारलं तर म्हणायची, आबा येतील, त्यांना भूक लागलेली असेल. अंधार पडला की दारावरच्या भिकाऱ्याला देऊन टाकायची आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा करायची. वेढ्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा दोन करायची, एक आईची. ती गेल्यावर मी मोडलं नाही. आज तोच दिवस आहे. घ्या."

एल्याशीबनं भाकरी दोन्ही हातांत घेतली. त्यांनी त्याला बाहेर सावलीत बसायला जागा केली, पण तो गेला नाही. त्या दार नसलेल्या खोलीत, तिच्या भिंतीकडे तोंड करून, तो खाली बसला. पहिला घास घशात अडला. तो थांबला, पाणी प्यायला, आणि पुन्हा खाऊ लागला. ती म्हणाली होती, न केलेलं कबूल करून भाकरी घशात अडेल. यानं तर आता केलेलं सगळं कबूल केलं होतं. तरी प्रत्येक घास अडत होता. त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत ती भाकरी खाल्ली.